अखेरचा पगार आणि अधिक कापलेला कर



नोकरीचा पहिला दिवस घरांतील सर्वांच्या लक्षांत राहतो. त्या दिवशीं देवापुढें पेढे ठेविले जातात, पहिल्या पगाराची वाट पाहिली जाते, आणि तो पगार हातीं आला म्हणजे आईच्या हातावर कांहीं रक्कम ठेवून तिला नमस्कार केला जातो. अखेरचा दिवस मात्र असा उजळ नसतो. आणि तो वयोमानानें आलेला नसून कारखान्यांत माणसें अधिक झालीं म्हणून आलेला असेल, तर त्या दिवसाविषयीं घरांत फारसें कोणी बोलतही नाहीं. अशा वेळीं जो अखेरचा हिशेब हातांत पडतो, तो माणूस नीट वाचीत नाहीं. वाचण्याचें त्राण त्याच्या अंगीं नसतें. आणि नेमक्या त्याच हिशेबांत प्राप्तिकराच्या नांवानें वाजवीपेक्षां अधिक रक्कम कापली जाण्याचा संभव असतो. ती अधिक कां कापली जाते, आणि ती परत कशी मिळवावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

बीड जिल्ह्याला हा विषय परका नाहीं. दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जोडून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांमुळें हा जिल्हा महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु याच जिल्ह्यांतील आष्टी-पाटोद्यापासून परळी-अंबाजोगाईपर्यंतच्या अकरा तालुक्यांतून, आय. टी. आय. किंवा पदविका पुरी करून पुण्याकडच्या अथवा छत्रपति संभाजीनगराकडच्या कारखान्यांत गेलेलीं माणसेंही आहेत. त्यांच्या पगारावर गांवाकडचीं घरें उभीं राहिलीं, बहिणींचीं लग्नें झालीं, विहिरी खोदल्या गेल्या. अशा माणसाची नोकरी एकाएकीं गेली, म्हणजे कापला गेलेला प्रत्येक रुपया घराला जाणवतो.

या जिल्ह्याच्या इतिहासांतील एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. हिंदुस्थानांत पगारांतून परस्पर कर कापून घेण्याची तरतूद १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १८ मध्यें होती. पण तो कायदा या मुलुखाला लागू झाला तो १ एप्रिल १९५० पासून. आज पगाराच्या कागदावर कराचा आंकडा दिसला कीं तो वरून ठरून आलेला असावा, असें मनुष्य समजतो. वस्तुतः तो आंकडा सरकारनें ठरविलेला नसतो. तो मालकाच्या कचेरींतील एखाद्या लेखनिकानें, किंवा आजकाल यंत्रानें, वर्षभराच्या प्राप्तीचा अंदाज करून काढलेला असतो. अंदाज चुकला कीं कर चुकतो. कायद्याची दृष्टि अशी कीं पगारांतून कापलेला कर ही केवळ आगाऊ भरलेली रक्कम होय. खरा कर वर्ष संपल्यावर विवरणपत्रावरून ठरावयाचा असतो. ही एक गोष्ट मनांत पक्की धरली म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होतें.

आतां एक उदाहरण घेऊं. तें कल्पित आहे. पण त्यांतील आंकडे कायद्याप्रमाणें मांडलेले आहेत. समजा, केज तालुक्यांतील एक गृहस्थ पुण्याजवळच्या एका कारखान्यांत यंत्रावर काम करणारे कुशल कामगार होते. नोकरी अकरा वर्षें आठ महिने झाली होती; महिन्याचें वेतन ८०,००० रुपये, आणि त्यांत मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ३९,००० रुपये. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्यांना कामगार-कपातीच्या नांवाखालीं कमी करण्यांत आलें. पुण्यांतील खोली सोडून, सामान टेम्पोंत घालून, मंडळी गांवीं परत आली. आठ दिवसांनीं अखेरचा हिशेब आला. एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांचें वेतन ५,६०,००० रुपये. नोटिशीऐवजीं एका महिन्याचें वेतन ८०,००० रुपये. शिल्लक रजेबद्दल ६०,००० रुपये. ग्रॅच्युइटी २,७०,००० रुपये. आणि कपातीबद्दल भरपाई ४,८०,००० रुपये. एकंदर १४,५०,००० रुपये. आणि शेवटच्या ओळींत, प्राप्तिकर वजा ८९,७०० रुपये.

बाप तो कागद घडी घालून कपाटांत ठेवणार, इतक्यांत अंबाजोगाईला वाणिज्य शाखेंत शिकणाऱ्या त्याच्या मुलीनें तो हातीं घेतला.

"बाबा, ही भरपाई म्हणजे पगार नव्हे ना?"

"पगाराच्याच कागदावर आहे, म्हणजे पगारच असेल."

"मग तिची ओळ निराळी कां धरली आहे? आणि कर काढतांना सगळ्या ओळींची बेरीज एकच कां केली आहे?"

बापाला उत्तर सुचलें नाहीं. पण मुलीनें विचारलेला दुसरा प्रश्न हाच या प्रकरणाचा गाभा होय.

अखेरच्या हिशेबांतील प्रत्येक रकमेचा स्वभाव निराळा असतो. वेतन हें केलेल्या कामाचें मोल. तें करपात्र आहे. नोटिशीऐवजीं दिलेलें वेतनही करपात्रच. ग्रॅच्युइटीची गोष्ट वेगळी आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणें अखेरच्या मूळ वेतनास २६ नीं भागून, त्यास १५ नीं गुणून, येणाऱ्या रकमेस नोकरीच्या वर्षांनीं गुणावयाचें असे. सहा महिन्यांहून अधिक असलेला तुकडा पुरें वर्ष धरला जातो. म्हणजे आपल्या उदाहरणांत ३९,००० चे पंधरा दिवसांचे २२,५०० रुपये, आणि बारा वर्षांचे २,७०,००० रुपये. या नियमानें येणारी ग्रॅच्युइटी २० लाख रुपयांच्या मर्यादेपर्यंत करमुक्त आहे. ही मर्यादा २९ मार्च २०१८ पासूनची आहे. रजेच्या रोखीलाही खासगी नोकरांच्या बाबतींत, कांहीं अटींवर, १ एप्रिल २०२३ पासून २५ लाखांपर्यंत सूट आहे. पूर्वी ती केवळ ३ लाखांपर्यंत होती.

आतां राहिली कपातीची भरपाई. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं जें प्रकरण घालण्यांत आलें, त्यांतील कलम २५-फ असें सांगतें कीं निदान एक वर्ष अखंड नोकरी झालेल्या कामगाराला कमी करावयाचें असेल, तर त्याला एक महिन्याची नोटीस अथवा तितकें वेतन द्यावें, आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांचें सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावें. येथेंही सहा महिन्यांवरचा तुकडा वर्ष समजावा. महिन्याच्या वेतनाचा निम्मा भाग पंधरा दिवसांचा धरला, तर ४०,००० गुणिले १२, म्हणजे ४,८०,००० रुपये. ही भरपाई १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०, पोटकलम १०-ब अन्वयें करमुक्त आहे. सुटीची मर्यादा तीन रकमांपैकीं जी सर्वांत लहान ती: प्रत्यक्ष मिळालेली भरपाई, वरील नियमानें येणारी भरपाई, किंवा ५ लाख रुपये. ४,८०,००० ही रक्कम ५ लाखांच्या आंत असल्यामुळें ती सबंध करमुक्त ठरते. जातां जातां हेंही नमूद केलें पाहिजे कीं ही ५ लाखांची मर्यादा १ जानेवारी १९९७ नंतरच्या कपातींसाठीं ठरविलेली आहे. त्यानंतर वेतनें किती तरी पटींनीं वाढलीं, ग्रॅच्युइटीची आणि रजेची मर्यादा वाढली. पण नोकरी गमावलेल्या कामगाराच्या भरपाईची मर्यादा होती तेथेंच राहिली.

तेव्हां खरा हिशेब असा होतो. करपात्र म्हणून वेतन ५,६०,००० आणि नोटिशीचे ८०,०००. रजेचे ६०,००० रुपयेही वादासाठीं करपात्रच धरले, तरी बेरीज ७,००,००० होते. त्यांतून पगारदाराची ७५,००० रुपयांची सरसकट वजावट काढली म्हणजे ६,२५,००० रुपये राहतात. २०२५-२६ सालच्या नव्या करप्रणालींत ४ लाखांपर्यंत कर नाहीं, आणि पुढील ४ लाखांवर शेंकडा ५ कर आहे. म्हणून २,२५,००० वर ११,२५० रुपये कर निघतो. परंतु त्याच प्रणालींत १२ लाखांपर्यंत करपात्र प्राप्ति असणाऱ्या रहिवाशाला कलम ८७-अ प्रमाणें साधारण उत्पन्नावरील संपूर्ण कराची सूट आहे. एतावता देणें असलेला कर शून्य. मग कापला गेला तो कर कोठून आला? सर्व ओळींची बेरीज १४,५०,००० घेऊन, ७५,००० वजा करून, यंत्रानें १३,७५,००० रुपयांवर आंकडेमोड केली. पहिल्या ४ लाखांवर कांहीं नाहीं. दुसऱ्या ४ लाखांवर २०,०००. तिसऱ्या ४ लाखांवर शेंकडा १० प्रमाणें ४०,०००. उरलेल्या १,७५,००० वर शेंकडा १५ प्रमाणें २६,२५०. एकूण ८६,२५०, आणि त्यावर शेंकडा ४ उपकर ३,४५०. झाले ८९,७००. गणित बिनचूक, पण मांडणी चूक. १२ लाखांची जी रेषा त्या कुटुंबानें कधीं ओलांडलीच नव्हती, ती कागदावर ओलांडली गेली.

अधिक कर कापला जाण्याचें दुसरेंही एक कारण आहे, आणि त्यांत कोणाची चूकही नसते. समजा, एखाद्या अभियंत्याचें वेतन महिना दीड लाख रुपये आहे. एप्रिल महिन्यांत मालक असा अंदाज करतो कीं वर्षाची प्राप्ति १८ लाख होईल. त्यावर सरसकट वजावट जाऊन १,५०,८०० रुपये कर येतो, आणि तो बारा महिन्यांत विभागून कापला जातो. सप्टेंबरअखेर नोकरी गेली, आणि पुढें मार्चपर्यंत दुसरी मिळाली नाहीं. तोंवर सहा महिन्यांचे ७५,४०० रुपये कापलेले असतात. पण वर्षाची खरी प्राप्ति ९ लाखच झालेली असते, आणि इतर उत्पन्न नसेल तर तीवर कर शून्य. अंदाज केला तेव्हां तो बरोबर होता. दैवानें तो खोटा ठरविला. तिसरें कारण पॅनचें. पॅन आधारशीं जोडलेला नसेल तर तो १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरला जातो, आणि निष्क्रिय पॅनच्या मनुष्याचा कर शेंकडा २० या चढ्या दरानें कापला जाण्याची पाळी येते.

ब्रिटनमध्यें १९४४ च्या एप्रिलपासून पगारांतून कर कापण्याची जी पद्धति सुरू झाली, तींत वर्षाच्या आरंभापासूनची एकूण प्राप्ति आणि एकूण कर यांचा मेळ दर पगाराला घातला जातो. नोकरी सुटतांना कामगाराच्या हातीं पी-४५ नांवाचा दाखला देतात. तो पुढच्या मालकाला दाखविला कीं मागील अधिक कापलेला कर पगारांतच परत मिळूं शकतो. आपल्याकडे असा आपोआप चालणारा मेळ नाहीं. येथें कामगारानें स्वतः मागणी केली पाहिजे. रडल्यावांचून आईदेखील दूध पाजीत नाहीं, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

मागणीचे मार्ग तीन आहेत, आणि ते कालानुक्रमानें येतात. पहिला मार्ग मालकाकडचा. कलम १९२ अन्वयें मालकाला त्याच आर्थिक वर्षांत पूर्वीची कमी-अधिक कपात दुरुस्त करण्याची मुभा आहे. कापलेला कर मालकानें पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारांत भरावयाचा असतो. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरच्या हिशेबांतील चूक ७ नोव्हेंबरच्या आंत नजरेस आणली, तर रक्कम कारखान्याच्या तिजोरींतून बाहेर पडण्यापूर्वींच सुधारणा होऊं शकते. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचें विवरण ३१ जानेवारीपर्यंत जावयाचें असतें. कर भरून झाला असला, तरी निदान त्या विवरणांत भरपाई व ग्रॅच्युइटी करमुक्त म्हणून दाखविली जावी, एवढी मागणी त्या तारखेपूर्वीं करावी. पत्र लांबलचक नको. पुढील मजकूर पुरे:

"महोदय, दिनांक ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं मला कामगार-कपातीमुळें सेवेंतून कमी करण्यांत आलें. अखेरच्या हिशेबांतील ४,८०,००० रुपयांची कपात-भरपाई व २,७०,००० रुपयांची ग्रॅच्युइटी या रकमा करपात्र वेतनांत धरून ८९,७०० रुपये कर कापलेला दिसतो. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम १० मधील पोटकलम १० व १०-ब अन्वयें या रकमा करमुक्त आहेत. तरी करगणना दुरुस्त करून अधिक कापलेली रक्कम परत करावी. ती सरकारांत भरली गेली असल्यास तिमाही विवरणांत व फॉर्म १६ मध्यें या रकमा करमुक्त म्हणून दाखवाव्या, ही विनंति. सोबत कपातीचें पत्र व हिशेबाची नक्कल जोडली आहे."

हें पत्र ई-मेलनें पाठवावें, आणि पोहोचल्याची पावती मिळेल अशा रीतीनें टपालानेंही पाठवावें. त्यांत रागाचा शब्द असूं नये. ज्या कचेरीनें नोकरीवरून काढलें, तिच्याशीं पुन्हां बोलण्याची इच्छा होत नाहीं, हें स्वाभाविक आहे. पण हिशेबनीस हा कांहीं माणसाला काढणारा नव्हे, आणि त्याच्या हातून झालेली चूक त्यालाच सर्वांत सुलभपणें सुधारतां येते.

दुसरा मार्ग नव्या मालकाकडचा. त्याच वर्षांत, म्हणजे ३१ मार्चपूर्वीं, दुसरी नोकरी मिळाली, तर मागील वेतन व कापलेला कर यांची माहिती फॉर्म १२-बी मध्यें नव्या मालकाला द्यावी. मग तो दोन्ही नोकऱ्यांची प्राप्ति एकत्र धरून उरलेल्या महिन्यांत तितकी कमी कपात करतो. ही माहिती लपविणारे कांहींजण असतात. त्यांना वाटतें, जुनी नोकरी गेल्याचें नव्या ठिकाणीं कशाला सांगावें? पण लपविल्यानें दोन्हींकडे सरसकट वजावट धरली जाते, आणि वर्षअखेर उलट देणें निघतें.

तिसरा आणि सर्वांना खुला असलेला मार्ग म्हणजे स्वतःचें विवरणपत्र भरणें. वर्ष संपल्यावर १५ जूनपर्यंत मालकानें फॉर्म १६ द्यावयाचा असतो. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर फॉर्म २६-ए. एस. पाहावा, कापलेले ८९,७०० रुपये खरोखर सरकारांत जमा झाले आहेत कीं नाहींत, हें तेथें दिसतें. या प्रकरणाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. कर कापला पुण्याजवळ. कपातीच्या विवरणांची छाननी होते दिल्लीजवळ गाझियाबादकडील वैशाली येथें. विवरणपत्रांचा निकाल लागतो बंगळूर येथील केंद्रांत. आणि परतावा जमा होतो केजच्या बँकेंतील खात्यांत. त्यामुळें कोणाला भेटून, हात जोडून काम होण्यासारखें नाहीं, आणि तशी गरजही नाहीं. कागद चोख असला कीं तो बोलतो.

फॉर्म १६ मध्यें मालकानें सूट दाखविली नसली, तरी कामगाराचा हक्क बुडत नाहीं. विवरणपत्रांत वेतनाची एकंदर रक्कम लिहून, करमुक्त रकमांच्या यादींत ग्रॅच्युइटी व कपात-भरपाई त्या-त्या पोटकलमाखालीं स्वतः लिहितां येते. मात्र फॉर्म १६ आणि विवरणपत्र यांत तफावत दिसल्यामुळें खात्याकडून विचारणा येऊं शकते. तिला उत्तर देण्यास ३० दिवस मिळतात. म्हणून पांच कागद एका फाइलींत जपून ठेवावे: कपातीचें पत्र, अखेरच्या हिशेबाचा कागद, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, नोकरीस लागल्याची तारीख दाखविणारें नेमणूकपत्र, आणि बँकेचा उतारा. कपातीच्या पत्रांत "कामगार-कपात" हें कारण स्पष्ट असणें फार महत्त्वाचें आहे. पुष्कळ ठिकाणीं माणसाला "राजीनामा द्या, पैसे लवकर मिळतील" असें सांगतात. घाईंत राजीनामा लिहून दिला, म्हणजे ती कपात राहत नाहीं; भरपाईचा हक्क आणि करसूट दोन्ही धोक्यांत येतात.

विवरणपत्र साधारणतः ३१ जुलैपर्यंत भरावयाचें असतें, आणि भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावयाची असते. पडताळणी राहिली तर भरलेलें पत्र न भरल्यासारखेंच. परतावा ज्या खात्यांत घ्यावयाचा, तें खातें संकेतस्थळावर आधीं प्रमाणित केलेलें असावें. मुदतींत भरणाऱ्याला परताव्यावर १ एप्रिलपासून दरमहा शेंकडा अर्धा टक्का व्याज मिळतें. आपल्या उदाहरणांतील परतावा सप्टेंबरमध्यें आला, तर सहा महिन्यांचें व्याज २,६९१ रुपये होईल. तें व्याज मात्र पुढील वर्षीं उत्पन्न म्हणून दाखवावें लागतें. मुदत चुकली, तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंबानें भरतां येतें. पण करपात्र उत्पन्न ५ लाखांवर असल्यास ५,००० रुपये शुल्क पडतें, आणि व्याज भरल्याच्या तारखेपासूनच मिळतें. तीही तारीख गेली, तर योग्य कारण दाखवून कलम ११९ अन्वयें विलंब माफ करण्याचा अर्ज करतां येतो; १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानें त्यासाठीं करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पांच वर्षांची मर्यादा ठरविली आहे. अशा परताव्यावर मात्र व्याज मिळत नाहीं. तात्पर्य, उशीर झाला म्हणून निराश होऊं नये. पण उशीर करूंही नये.

येथें दोन अप्रिय गोष्टीही सांगणें भाग आहे. एक ही कीं कपात-भरपाईची सूट ही कायद्याच्या व्याख्येंतील कामगारालाच आहे. व्यवस्थापक किंवा प्रशासकीय अधिकारी यांना नोकरी गेल्याबद्दल जी रक्कम मिळते, ती वेतनाच्या ऐवजीं मिळालेला लाभ समजून करपात्र धरतात. त्यांना निदान कलम ८९ चा आधार आहे: नोकरी तीन वर्षांहून कमी नसेल आणि तिची उरलेली मुदतही तीन वर्षांहून कमी नसेल, तर एकाच वर्षांत आलेल्या भरपाईमुळें वाढलेल्या कराबद्दल सवलत मागतां येते. मात्र त्यासाठीं फॉर्म १०-ई विवरणपत्रापूर्वीं भरावा लागतो. तो विसरला तर सवलत नाकारली जाते. कामगाराला ५ लाखांहून अधिक भरपाई मिळाली, तर वरच्या रकमेसाठीं हाच मार्ग आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं मालकानें कर कापला पण सरकारांत भरलाच नाहीं, असेंही घडतें; बंद पडत असलेल्या कारखान्यांत तर विशेष. अशा वेळीं कलम २०५ कामगाराच्या बाजूनें उभें राहतें: ज्याच्या पगारांतून कर कापला गेला, त्याच्याकडून तोच कर पुन्हां वसूल करतां येत नाहीं. परंतु न भरलेल्या रकमेचा परतावा मिळविणें फार कठीण जातें. म्हणूनच फॉर्म २६-ए. एस. जून महिन्याची वाट न पाहतां तिमाही विवरणानंतर, फेब्रुवारींतच पाहावा.

कायद्यांतील बदलांचीही नोंद घेतली पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असून तिनें १९४७ च्या कायद्याची जागा घेतली आहे. पंधरा दिवसांच्या वेतनाचें भरपाईचें तत्त्व तिनें कायम ठेविलें आहे. शिवाय कपात झालेल्या कामगाराच्या खात्यांत नवें कौशल्य शिकण्यासाठीं आणखी पंधरा दिवसांचें वेतन ४५ दिवसांत जमा व्हावें, अशी तरतूद तींत आहे; आणि कामावरून कमी केलेल्याचें देणें वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतें करावें, असें वेतन संहिता सांगते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या प्राप्तीला १९६१ ऐवजीं २०२५ चा प्राप्तिकर कायदा लागू आहे. त्यांत कलमांचे आंकडे बदलले आहेत, आणि "करवर्ष" हा नवा शब्द आला आहे. पण ग्रॅच्युइटी व कपात-भरपाई यांची सूट, आणि अधिक भरलेला कर परत मिळण्याचा हक्क, हीं तत्त्वें तींच आहेत. ज्याची नोकरी ज्या तारखेला गेली, त्यानें त्या तारखेचा कायदा पाहावा.

शेवटीं एक इशारा. परतावा मिळवून देतों असें सांगणारे मध्यस्थ गांवोगांव फिरतात, आणि परताव्यांत शेंकडा अमुक इतका वाटा मागतात. त्यांतील कांहींजण विवरणपत्रांत न दिलेल्या देणग्या, न घेतलेलीं कर्जें, न झालेले आजार लिहून परतावा फुगवितात. २०२५ च्या जुलै महिन्यांत प्राप्तिकर खात्यानें अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर पडताळणीची मोहीम काढली. विवरणपत्राखालीं सही ज्याची, जबाबदारी त्याची. ज्याचें खरें येणें ८९,७०० रुपये आहे, त्यानें लाखाच्या मोहापायीं आपला खरा हक्कही संशयित करून घेऊं नये. जाणकाराची मदत हवी असेल तर ती ठरलेल्या शुल्कावर घ्यावी, आणि पासवर्ड स्वतःच्याच हातीं ठेवावा.

केजच्या त्या घरीं पुढें काय झालें असेल, तें सांगण्यास कल्पनेची फारशी गरज नाहीं. मुलीनें पत्र लिहिलें, बापानें सही केली. मालकानें कर भरून टाकला होता, म्हणून परतावा विवरणपत्रांतूनच मागावा लागला. त्या पैशांनीं गेलेली नोकरी परत येत नाहीं. पण तेवढ्यांत एका मुलीचें वर्षभराचें शिक्षण निभावतें, किंवा दुसरी नोकरी मिळेपर्यंतचे दोन-तीन महिने कोणापुढें हात न पसरतां निघतात. आणि आणखी एक गोष्ट घडते, ती आंकड्यांत मांडतां येत नाहीं. ज्या माणसाला "तुझी आतां गरज नाहीं" असें नुकतेंच ऐकावें लागलें आहे, त्याला आपला हिशेब आपण बरोबर मांडला आणि तो मान्य झाला, या अनुभवानें पुन्हां ताठ उभें राहतां येतें.

कर देणें हें नागरिकाचें कर्तव्य आहे. तो योग्य तितकाच देणें हाही त्या कर्तव्याचाच भाग आहे. अधिक गेलेलें परत मागण्यांत ना उद्धटपणा आहे, ना याचना. ज्यांच्या घरीं असा अखेरचा हिशेब कपाटांत घडी घालून ठेवलेला असेल, त्यांनीं तो आज रात्रीं बाहेर काढावा, आणि घरांतील शिकणाऱ्या मुला-मुलीला जवळ बसवून एक-एक ओळ वाचावी.